वहिनीची कात्री

ब्याण्णवाव्या वर्षी माणसानं कसं वागावं, याबद्दल आत्याची मतं पक्की होती. माणसानं खुर्चीत बसावं, ऊन सरकलं की खुर्ची सरकवून घ्यावी, कुणी आलंच तर "आमचं आता काय राहिलंय" म्हणावं आणि चहा गार झाला म्हणून कुरकुरावं. आत्या स्वतः ब्याऐंशीची होती आणि हे सगळं ती गेली कित्येक वर्षं मन लावून करत होती. पंचाईत एवढीच, की घरातलं जे माणूस ब्याण्णव वर्षांचं होतं, म्हणजे तिची वहिनी, ते खुर्चीत सापडतच नसे.

सकाळचा चहा झाला, कपबशी विसळून पालथी घातली, की वहिनी दाराशी बसून बूट चढवायची. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत कात्री, रिळं, टेप, खडू आणि एक चपटा डबा भरून टाचण्या. मग जिना. तिसऱ्या मजल्यावरून खाली, गल्ली ओलांडून समोरच्या इमारतीत वर, तिथून खाली, पुढच्या गल्लीत परत वर. कठडा धरायला तिला हात मोकळा नसायचाच, कारण एका हातात कुणाचा तरी शर्ट असायचा आणि दुसऱ्या हातात ज्याच्याकडे जायचं त्याच्यासाठी काहीबाही घेतलेलं.

आत्या वरून ओरडायची, "अगं, पडशील कुठंतरी. तुला उचलायला कोण येणार, मी?"

खालून उत्तर यायचं नाही, कारण वहिनीच्या ओठांत टाचण्या असायच्या. शिवताना टाचण्या ओठांत धरायची तिची जुनी सवय. हल्ली हातात शिवण नसतानाही चार-दोन तिथं असायच्याच. गल्लीतले लोक तिला टाचणीआजी म्हणायचे. आत्याचं म्हणणं असं, की भांडणात उत्तर द्यावं लागू नये म्हणून ही बाई तोंडात टाचण्या धरते. सत्तर वर्षं एका छपराखाली काढलेल्या नणंदेला एवढं कळणारच.

आता वहिनीचं काम काय, ते सांगायला हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे कपडे ती मागून उघडून द्यायची. ज्याला उठून बसता येत नाही अशा माणसाला शर्ट घालणं म्हणजे काय दिव्य असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. हात वर जात नाही, कूस वळत नाही, घालणाऱ्याची कंबर जाते आणि घालून घेणाऱ्याचा जीव. म्हणून दवाखान्यात नाड्यांचा डगला देतात. तो सोयीचा असतो खरा, पण त्यात सगळी माणसं सारखीच दिसतात. मुख्याध्यापक कोण आणि न्हावी कोण, काही कळत नाही. वहिनी त्या माणसाचा स्वतःचा शर्ट घ्यायची, पाठीवर मधोमध कॉलरपासून खालपर्यंत कापायची, दोन्ही कडांना पट्टी लावून त्या एकमेकींवर येतील अशा बेतायची आणि मानेशी एक चपटं बटण लावायची. मग शर्ट पुढून हातांत चढवायचा, दोन्ही पल्ले पाठीखाली सारायचे, की झालं. पुढून पाहणाऱ्याला कॉलर, खिसा, बटणं सगळं जागच्या जागी दिसायचं. भेटायला आलेल्याला पत्ताही लागत नसे.

तिची अट एकच होती, कपडा चांगला पाहिजे. लोक साहजिकच कोपरावर विरलेला, विटका शर्ट पुढे करायचे. कापायचाच आहे तर चांगला कशाला वाया घालवा. वहिनी तो बाजूला ठेवायची, ओठांतल्या टाचण्या काढायची आणि विचारायची, "यांचा आवडता कुठला?" मग घरातली बाई कपाट उघडून तो काढायची आणि बहुतेक वेळा तिथंच पहिल्यांदा रडायची. वहिनी तिला रडू द्यायची. तेवढ्यात तिचं बेतून व्हायचं.

या कामाचे पैसे ती घेत नसे. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायची, "दोरा आणून द्या पांढरा. काळा आहे माझ्याकडे."

याची सुरुवात झाली ती आत्याच्या भावापासून. तो फोटोग्राफर होता. चौकात त्याचा स्टुडिओ होता आणि त्यात आलेल्या प्रत्येक माणसाची कॉलर तो स्वतःच्या हातानं सरळ करायचा. स्वतः तर असा टापटिपीत राहायचा की माशी बसली तर घसरावी. त्याला लकवा झाला. दवाखान्यातून तो घरी आला तो नाड्यांच्या डगल्यात, आणि आला तसा भिंतीकडे तोंड करून पडला. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायला लावायचा. जेवण नको, बोलणं नको. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी वहिनीनं त्याचा निळ्या रेघांचा शर्ट काढला, सणसमारंभाला घालायचा, आणि टेबलावर पसरून पाठीतून उभा चिरला. त्यानं ते पलंगावरून पाहिलं. तोंडातून शब्द धड फुटत नव्हते, तरी "मूर्ख" एवढा शब्द त्यानं अगदी स्वच्छ उच्चारला.

संध्याकाळी वहिनीनं तो शर्ट त्याला घातला. आरसा आत्यानं धरला होता. भावानं आरशात बराच वेळ पाहिलं, मग चालत असलेला हात उचलून स्वतःची कॉलर सरळ केली. दुसऱ्या दिवशी त्यानं मित्रांना बोलावणं धाडलं. पुढे दोन वर्षं तो जगला, पण तोंड खोलीकडे करून जगला. आत्याला आजही ती संध्याकाळ लख्ख आठवते. आरसा धरून हात भरून आले होते आणि खाली ठेववत नव्हता.

तो गेल्यावर शेजारचं कुणी विचारायला आलं, मग त्या शेजाऱ्यांच्या ओळखीचं कुणी आलं, आणि सत्तरी उलटलेली वहिनी पिशवी घेऊन जिने चढू लागली. ती अजून चढतेच आहे.

चुका तिच्याही व्हायच्या. डॉक्टरांच्या कोटाची गोष्ट तर गल्लीत अजून सांगतात. एका घरी आजाऱ्याच्या बायकोनं गडबडीत सांगितलं, "खुंटीवरचा कोट घ्या." खुंटीवर कोट होते दोन. वहिनीनं आपल्या नियमाप्रमाणे त्यातला चांगला निवडला. डॉक्टर आतल्या खोलीत आजाऱ्याची छाती तपासत होते. ते बाहेर आले तोवर त्यांचा कोट कॉलरपर्यंत उघडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला, आरपार पाहिलं आणि म्हणाले, "आजी, माझी वेळ यायला अजून थोडा अवकाश आहे हो." वहिनी एवढी ओशाळली की आठवडाभर घरात आत्याशीही गोड बोलत होती. कोट तिनं असा बेमालूम जोडून दिला की डॉक्टरांनी तो पुढे कित्येक हिवाळे वापरला.

हे झालं हसण्यावारी. पण वहिनीच्या कात्रीला लोक मनातून घाबरायचे. "त्यांच्याकडे टाचणीआजी जाऊन आल्या" असं कुणी म्हटलं की ऐकणारा मान हलवून गप्प बसायचा. कापलेला कपडा पुन्हा जोडून घ्यायला आलेली माणसं अगदी बोटांवर मोजण्याइतकी. कोपऱ्यावरचा घड्याळजी त्यातला एक. तो स्वतःच्या पायांनी तीन मजले चढून, शर्ट काखोटीला मारून आला, तेव्हा वहिनीनं मजल्यावरच्या झाडून सगळ्यांना चहाला बोलावलं. आत्यालाच सगळे कप धुवावे लागले. एरवी कुणी घाबरत घाबरत विचारलं की वहिनी सरळ सांगायची, "कात्रीनं माणूस मरत नाही, आजारानं मरतो. चला, हात द्या इकडे." हे ती इतक्या सहज म्हणायची, की ऐकणाऱ्याला आपल्या भित्रेपणाची लाज वाटायची.

आत्याला या सगळ्याचा राग होता. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती. आई नव्हती, वडील नव्हते, होता तो थोरला भाऊ, आणि त्याला बहिणीची वेणी कुठल्या बाजूनं सुरू करायची तेही माहीत नव्हतं. आत्या तेव्हा शाळेत जायची ते शेजाऱ्यांनी दिलेल्या फ्रॉकमध्ये. नव्या वहिनीनं सामानाबरोबर पायानं चालवायचं शिलाई मशीन आणलं होतं. ते खिडकीशी मांडलं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं नणंदेला स्टुलावर उभं केलं. "हात वर. वळ. आता इकडे वळ. श्वास सोड, पोट आत नको घेऊस." खांद्याला धरून ती तिला गोल फिरवायची. मशीनच्या तेलाचा वास, खडूची पांढरी बोटं, मानेवर टेपचा गार स्पर्श. वहिनी तिला "चिमे" म्हणू लागली ती तेव्हापासून.

फ्रॉक नेहमी वाढत्या अंगाचे. "माया सोडलीय भरपूर, दोन वर्षं जाईल," असं म्हणून वहिनी खालची दुमड चांगली वीतभर ठेवायची. दर वर्षी ती थोडी सोडायची, आणि जिथून सोडली तिथं न विटलेल्या कापडाची एक गडद रेघ उरायची. वर्गातल्या मुली त्या रेघांकडे पाहून हसायच्या. आत्या घरी येऊन पाय आपटायची. आता मात्र दुपारी खुर्चीत डोळा लागता लागता तिला तो स्टूल आठवायचा, आणि त्या रेघाही.

पुढे आत्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर झाली. लग्नाचं एक-दोनदा जमत आलं आणि मोडलं, ते मोडलं याचं कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही. ती भावाकडेच राहिली. भाच्याला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्यामुळेच ती साऱ्या इमारतीची आत्या झाली. नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा वहिनीनं तिला जांभळ्या रंगाचा कॉलरचा गाऊन शिवला, पुढे शिंपल्याची बटणं. त्याचं माप घेताना आत्या शेवटची त्या स्टुलाशेजारी उभी राहिली. त्यानंतर भाऊ आजारी पडला, गेला, आणि वहिनी जगाची झाली. चहा गार होतो म्हणून आत्या कुरकुरायची, पण चहाचं काय एवढं. आपल्याला खांद्याला धरून कुणी "वळ" म्हणत नाही, याचं तिला वाईट वाटायचं. ब्याऐंशीव्या वर्षी हे बोलून दाखवायची सोय नसते.

आणि मग पडलं कोण, तर आत्या. जिन्यात नाही, रस्त्यात नाही, खुर्चीतून उठताना. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते नीटही झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता वॉकर धरून उभं राहायचं आणि रोज थोडं चालायचं. खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची, ती कामाला जाण्यापूर्वी व्यायाम करून घ्यायला येऊ लागली. पहिल्या दिवशी आत्या उभी राहिली, पायातून जी कळ गेली तिनं ओरडली आणि धपकन खाली बसली. त्या दिवसापासून तिचं उत्तर ठरलेलं, "उद्या बघू." दुखत होतं हे खरं, पण त्याहून जास्त म्हणजे तिला पुन्हा पडायची भीती वाटत होती.

वहिनीनं पिशवी खुंटीला लावली आणि घरात राहिली. आत्याला इतकी वर्षं हेच तर हवं होतं. पण आता ते मिळालं ते असं, पलंगावर पडून.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी तिला घालायला एक गाऊन घेऊन आली. पाठ उघडलेली, पट्ट्या लावलेल्या, काम नेहमीसारखं सफाईदार. पण गाऊन राखी रंगाचा, बारीक फुलांचा.

"हा तर तुझा," आत्या म्हणाली.

"तुझे धुवायला टाकलेत."

दोन दिवसांनी दुसरा आला, तोही वहिनीचाच. "तुझे इस्त्रीला दिलेत." मग तिसरा. वहिनी चणीनं लहान, आत्या उंच आणि आडव्या हाडाची. वहिनीच्या बाह्या तिच्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबायच्या आणि गळा आवळायचा.

"साऱ्या गल्लीला त्यांचे आवडते कपडे," आत्या एक दिवस म्हणालीच, "आणि मला तुझं जुनंपानं. एवढे मोठे हात दिलेत देवानं, एक गाऊन कापून होत नाही माझा?"

वहिनीनं डब्यातून टाचण्या घेतल्या आणि ओठांत धरल्या. शिवायला काहीही नव्हतं.

पडून राहणाऱ्या माणसाला विचार करायला वेळच वेळ असतो, आणि रिकामं डोकं म्हणजे भुताचं घर. भाऊ गेला तेव्हा वहिनीनं आठ दिवसांत त्याचे सगळे कपडे वाटून टाकले होते. "कपडे अंगावर हवेत, कपाटात कशाला," असं म्हणाली होती. आत्याला ते आठवलं आणि सगळं तिच्या मनात जुळून आलं. धुवायला नाहीत, इस्त्रीला नाहीत. आपले कपडे गेले. इतकी माणसं हिनं अंथरुणावर पाहिलीत, कोण उठणार आणि कोण नाही हे हिला दारातूनच कळत असणार. हिच्या लेखी आपण संपलोच. म्हणून तर ही बोलत नाही.

रविवारी भाच्याचा फोन आला. तो दूरच्या शहरात असतो आणि फोनवर असा ओरडून बोलतो की जणू तार मध्येच तुटलीय. पलंगावरून आत्याला सगळं ऐकू आलं. "आई, तू ब्याण्णवची आहेस. तुलाच कुणीतरी सांभाळायला हवं. महिनाअखेरपर्यंत आत्या चालायला लागली तर ठीक, नाहीतर तिला शुश्रूषागृहात ठेवू. मी सगळं बघतो. तू इकडे ये माझ्याकडे."

वहिनी म्हणाली, "बघू."

नाही म्हणाली असती, तर आत्यानं तेवढ्यावर सगळं सोसलं असतं. पण वहिनी "बघू" म्हणाली. आत्यानं भिंतीकडे तोंड केलं. नर्स आली की ती म्हणायची, "कशाला उगाच त्रास घेतेस, बाई." जेवण पानात तसंच राहू लागलं. महिना संपत आला.

एका सकाळी वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. नर्स आत्याला चहा पाजत होती. आत्यानं मान फिरवली आणि चहा सगळा गाऊनवर सांडला.

"थांबा, दुसरा देते," नर्स म्हणाली. "कुठं असतात तुमचे?"

"माझे कुठं आता. त्या कपाटात असायचे. बघ, रिकामंच असेल."

नर्सनं कपाट उघडलं. "रिकामं काय, आत्या. गच्च भरलंय."

आत्यानं मान वळवली. तिचे सगळे गाऊन ओळीनं टांगलेले होते, धुतलेले, इस्त्री केलेले. सगळ्यांत पुढे जांभळा. नर्सनं तो काढून पलंगापाशी आणला आणि मागची बाजू वर केली. पाठ अखंड होती. तिच्या मधोमध कॉलरपासून खालपर्यंत खडूची एक पांढरी रेघ मारलेली होती, नंतर झटकून पुसायचा प्रयत्न केलेली, पण पुरती न गेलेली.

"बाकीचे बघ," आत्या म्हणाली.

"एकही कापलेला नाही."

"आता तिचं कपाट उघड."

वहिनीच्या कपाटात हिवाळ्याचा एक कोट होता, आणि दांडीवर बाकी सगळी मोकळी जागा. नर्स म्हणाली, "अहो, त्यांच्या अंगावर असतो तेवढा एकच राहिलाय वाटतं. तरीच रोज संध्याकाळी तुमच्या गॅलरीत तोच वाळत असतो. मला वाटायचं, आजींना तो फार आवडतो."

वहिनी औषधाची पिशवी घेऊन आली तेव्हा जांभळा गाऊन पलंगावर पसरलेला होता आणि नर्स खिडकीशी उभी राहून बाहेर बघत असल्यासारखं करत होती.

"माझे का नाही कापलेस?" आत्यानं विचारलं.

वहिनीचा हात टाचण्यांच्या डब्याकडे गेला.

"टाचण्या नकोत. बोल."

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. तीन मजले चढूनही तिला कधी धाप लागत नसे, आज लागली होती. "दवाखान्यातून तुला आणलं त्याच दिवशी हा घेतला," ती म्हणाली. "तुझा आवडता म्हणून. टेबलावर पसरला, रेघ मारली. कात्री लावायला गेले आणि हात चालेना."

"डोळ्यांनी दिसत नाही का आता?"

"दिसतं सगळं. ज्यांचे कापले त्यातले किती उठले, सांग बरं. घड्याळजी उठला, आणखी एखाद-दुसरा. बाकीचे सगळे गेले. तुझा भाऊ गेला."

"कात्रीनं माणूस मरत नाही, असं तूच सांगत फिरतेस ना?"

"सांगते. लोकांना सांगायला काय जातं." वहिनीनं गाऊनवरची एक सुरकुती तळहातानं सारखी केली, ती नसलेल्या ठिकाणीही सारखी करत राहिली. "मला भीती वाटली, चिमे. तुझा कपडा कापला म्हणजे तू उठणार नाहीस हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. ते मी करणार नाही. माझे कापले. मला त्याचं काही नाही."

"आणि पोराला फोनवर 'बघू' का म्हणालीस? 'नाही' म्हणायला काय झालं होतं?"

"'नाही' म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात आला असता. बापासारखाच आहे, 'नाही' ऐकलं की भडकतो. 'बघू' म्हटलं की महिनाभर गप्प बसतो."

आत्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. सत्तर वर्षांत या बाईला कशाची भीती वाटते असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला लकवा झाला तेव्हा नाही, तो गेला तेव्हाही नाही. आपण इथं भिंतीकडे तोंड करून, हिनं आपल्याला टाकलं म्हणून रुसून पडलोय, आणि ही एकामागून एक स्वतःचेच गाऊन चिरत बसलीय, रात्री एक धुऊन सकाळी तोच घालतेय. आपल्या रुसण्याची तिला लाज वाटली, आणि बरंही वाटलं, इतकं बरं तिला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"स्वतःचे कापलेस ते? तुला काही झालं म्हणजे?"

"मी जिन्यात पडून जाणार आहे ना? तूच तर रोज ओरडून सांगतेस."

आत्यानं डोळे पुसले. "नर्सबाई," ती म्हणाली, "ते वॉकर आणा इकडे."

उभं राहणं काही सोपं झालं नाही. पहिल्या खेपेला ती अर्धी उठून बसली. दुसऱ्या खेपेला कळ तशीच आली, पायापासून पार कानापर्यंत. नर्सनं पुढून वॉकर धरलं होतं. वहिनी पाठीमागे गेली आणि तिनं दोन्ही खांदे धरले. "श्वास सोड," मागून आवाज आला. आत्यानं श्वास सोडला आणि ती उभी होती. वहिनीनं चहानं भिजलेला गाऊन मानेशी सोडून पुढून काढला, आणि तशीच वॉकरला टेकून आत्यानं जांभळा गाऊन डोक्यावरून चढवला, आधी एक हात, मग दुसरा. बटणं वहिनीनं लावली.

त्या दिवशी ती पलंगापासून टेबलापर्यंत गेली. पुढे दारापर्यंत, मग स्वयंपाकघरापर्यंत. रोज शिव्या घालत जायची, नर्सला, डॉक्टरांना, हाडाला, पण जायची. रविवारी भाच्याचा फोन आला तेव्हा तिनं वहिनीला तो उचलू दिला नाही. स्वतः चालत जाऊन उचलला आणि म्हणाली, "कोण हवंय तुला? मी जरा कामात आहे."

मग एका सकाळी मागच्या गल्लीतून वहिनीला बोलावणं आलं. कुणी म्हातारा शाळामास्तर अंथरुणाला लागला होता. वहिनीनं पिशवी खुंटीवरून काढली आणि ती घुटमळली. अंगावरचा गाऊन आदल्या संध्याकाळी धुतलेला, हवा दमट होती म्हणून वाळलाच नव्हता. तोच ओला घालून ती निघाली होती.

"असल्या ओल्यात जाणार आहेस? न्यूमोनिया होईल. काढ तो," आत्या म्हणाली आणि कपाटाशी जाऊन जांभळा काढून आणला. "हा घाल."

"केवढा मोठा होईल मला."

"होऊ दे. वाढत्या अंगाचा समज."

वहिनीनं मुकाट्यानं घातला. खालून टाचून घेतला, बाह्या दोनदा दुमडल्या, वर कोट चढवणार होती, पण कॉलर दिसावी म्हणून तो हातावरच घेतला. दार ओढून ती गेली. जिन्यात तिची पावलं ऐकू येत राहिली.

आत्या खिडकीशी गेली. वॉकर तिनं टेबलाशीच सोडलं होतं हे तिच्या ध्यानातही आलं नाही, भिंतीला हात लावत लावत ती आली होती. खाली वहिनी दारातून बाहेर पडली आणि गल्लीतून झपाझप निघाली. वरून तिची लहानशी चण कळत नव्हती. दिसत होता तो जांभळा गाऊन, आत्यानं इतकी वर्षं घातलेला, त्याच्या खांद्यांची ठेवण आणि मागचा घोळ. क्षणभर आत्याला वाटलं, आपणच चाललोय, पाय न दुखता, घाईघाईनं, कुणीतरी वाट बघतंय म्हणून. तिनं चौकट धरून वाकून पाहिलं. गाऊन फळवाल्याला ओलांडून, दवाखान्याची पाटी ओलांडून वळणावर गेला आणि दिसेनासा झाला. आत्या तिथंच राहिली. ऊन खिडकीतून खोलीत आलं, खोलीभर फिरलं. खुर्ची हाताच्या अंतरावर होती, पण बसायची तिला आठवणच झाली नाही.